खोगिराचा मुहूर्त

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या सडकेवर भीमा ओलांडून कोरेगाव मागे टाकले, की शिक्रापूरच्या अलीकडे सणसवाडी लागते. आज या गावाची ओळख कारखान्यांची. दोन्ही अंगांना पत्र्याच्या उंच शेड, मालमोटारींच्या रांगा, पाळी सुटली की माणसांचा लोंढा. परंतु पावसाळा सरून दिवाळीचे दिवस आले, की याच मुलखातून अजून एखादा धनगरवाडा सरकताना दिसतो. पुढे मेंढरे, बाजूला कुत्री आणि मागे बुटकी, गोल पोटाची, खाली मान घालून चालणारी घोडी. पाठीवर वाकळा, हंडे, जाळ्यांचे गुंडाळे. त्यावर पाय बांधलेली कोंबडी, आणि कधी कधी सगळ्यांच्या वर डोलणारे एखादे पोर. मालमोटारीचा भोंगा कानाशी वाजला तरी घोडी कान हलवते, बाकी काही करीत नाही. तिच्या पोटाशी लागून तिचे शिंगरू चालत असते; त्याच्या पाठीवर मात्र काडीही नसते.

ही भीमथडीची तट्टे. भीमेच्या थडीला, म्हणजे काठाला, वाढली म्हणून भीमथडीची. जुन्या पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा एक तालुकाही होता. राजा बढे यांच्या ज्या गीताला 2023 साली महाराष्ट्राने राज्यगीत म्हणून स्वीकारले, त्यातही या तट्टांचा मान राखलेला आहे. आपण ते गीत उभे राहून म्हणतो. पण ज्यांचे नाव घेतो ते जनावर कसे वाढत होते, त्यावर स्वार बसायचा तो कितव्या वर्षी, आणि ते ठरवायचा कोण, हे विचारायचे आपल्याला सुचत नाही. दिवाळीच्या फराळाबरोबर आज हाच एक प्रश्न वाचकांपुढे ठेवावा असे मनात आहे. प्रश्न साधा दिसतो. पण मराठ्यांचे राज्य घोड्याच्या पाठीवर उभे होते असे आपण म्हणतो, तेव्हा ती पाठ तयार केव्हा झाली हा प्रश्न राज्याच्याच पायाशी जाऊन भिडतो.

आपल्याकडे स्वारीचा मुहूर्त ठरलेला होता: विजयादशमी. पाऊस संपला, नद्या उतरल्या, गवत पिकले, की घोडी धुऊन, हार घालून, पूजा करून सीमोल्लंघन व्हायचे. हा मुहूर्त पंचांगात असतो आणि सर्वांना एकाच दिवशी लागू पडतो. वछेऱ्याचा मुहूर्त मात्र वछेऱ्याच्या अंगात असतो आणि तो ज्याचा त्याला वेगळा. या दोन मुहूर्तांचे भांडण फार जुने आहे. शत्रू दारात उभा आहे, दसरा चार दिवसांवर आला आहे, आणि ठाणावर तीन वर्षांचा देखणा वछेरा पाय आपटीत उभा आहे. चढावे की न चढावे? चढलो तर आजची स्वारी साधते आणि उद्याचा घोडा जातो. न चढलो तर उद्याचा घोडा राहतो, पण उद्यापर्यंत आपण राहतो की नाही हाच प्रश्न.

या भांडणात निवाडा देणारे आपल्याकडचे एक जुने नाव म्हणजे कौटिल्य. अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. राजाच्या पागेतला प्रत्येक घोडा कुठून आला, त्याचे वय काय, रंग कोणता, खुणा कोणत्या, याची नोंद ठेवावी असे तिथे सांगितले आहे. नंतर शिंगराच्या खुराकाचा हिशेब येतो. व्यालेल्या घोडीला तूप. पुढे शिंगराला पीठ, मग जव, आणि महिन्यामहिन्याला वाढत जाणारे माप. हा चढता खुराक चौथ्या वर्षापर्यंत चालतो, आणि मग चार किंवा पाच वर्षांचा घोडा पूर्ण वाढलेला व कामाला योग्य समजावा असा निर्णय दिला आहे. त्या चाणाक्ष माणसाने एकच आकडा दिलेला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. चार किंवा पाच! कर, दंड आणि पगार यांचे आकडे काटेकोर देणाऱ्या कौटिल्याने इथे एका वर्षाची जागा मोकळी ठेवली. ती जागा पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी आहे.

त्याच्याही हजारएक वर्षे आधी, आजच्या तुर्कस्तानात, किक्कुली नावाच्या मितन्नी अश्वशिक्षकाचा ग्रंथ मातीच्या विटांवर कोरला गेला. रथाच्या घोड्यांना तयार करण्याचा रोजचा क्रम त्यात आहे. त्यात फेऱ्यांसाठी आलेले शब्द ऐकून आपले कान टवकारतात: एकाला ‘ऐक’, पाचाला ‘पंझ’ आणि फेरीला ‘वर्तन्न’. संस्कृतचे इतके सख्खे नातलग इतक्या दूर सापडले ते घोड्यामुळे! किक्कुली एकदम धावायला सांगत नाही. तो आधी पारखतो, चालवतो, दमवतो, विसावा देतो आणि मग अंतर वाढवतो. ग्रीसमध्ये ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात झेनोफनने घोडेस्वारीवर पुस्तक लिहिले. न बसलेला वछेरा पारखायचा तर आधी पाय पाहा, असा त्याचा आग्रह आहे. कारण ज्यावर अजून कुणी बसलेच नाही त्याचा स्वभाव कळायचा कसा? आणि वछेरा शिकवणाऱ्याच्या हवाली करण्यापूर्वी मोतद्दाराने त्याला माणसाची इतकी ओढ लावावी, की माणूस आला म्हणजे चारा आला, पाणी आले, गोमाशी हाकलणारा हात आला असे त्याला वाटले पाहिजे. गर्दीतून, गोंगाटातून त्याला फिरवून आणावे, हेही तो सांगतो. सणसवाडीच्या सडकेवर आईच्या पोटाशी चालणाऱ्या शिंगराला हा धडा फुकट मिळतो, एवढाच फरक.

आता आपल्या घरी येऊ. शिवछत्रपतींच्या घोडदळाची रचना कृष्णाजी अनंत सभासदाने बखरीत दिली आहे. स्वार दोन जातींचे. बारगीर तो, ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार तो, जो आपले घोडे आणि आपले हत्यार घेऊन येई. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा एक हजारी, आणि पाच हजारींवर पंचहजारी. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे एका हजारीत साडेबाराशे घोडे आणि त्यांच्या पायांची काळजी वाहणारे पन्नास नालबंद. राज्य पायांकडे किती बारकाईने पाहत होते याचा याहून वेगळा दाखला नको.

या आकड्यांवर मी थोडी घरगुती आकडेमोड करून पाहिली. ती माझी आहे, बखरीतली नव्हे. समजा एक घोडा दहा वर्षे स्वारीच्या कामाला येतो. तर साडेबाराशे घोड्यांची एक हजारी कायम ठेवायला दर वर्षी सव्वाशे नवे घोडे लागतील. घोडा पाचव्या वर्षी उभा करायचा तर कोणत्याही दिवशी सव्वा सहाशे शिंगरे आणि वछेरे काही काम न करता चरत असले पाहिजेत. मेलेली, लंगडी झालेली, रोगाने गेलेली यात धरलेलीच नाहीत. घोडी अकरा महिने गाभण राहते; तेही मिळवले तर हे जवळजवळ सहा वर्षांचे पीक झाले. ज्वारीचे पीक चार महिन्यांचे, उसाचे दीड वर्षाचे. घोड्याचे सहा वर्षांचे. इतका धीर कोणत्या शेतकऱ्याला परवडेल? कोणत्या राजाला परवडेल?

म्हणूनच मे 1673 मधले शिवाजी महाराजांचे ते सुप्रसिद्ध पत्र मला नेहमी घोड्याच्या बाजूने वाचावेसे वाटते. चिपळूणजवळ हलवर्णला छावणी करून राहिलेल्या आपल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना ते लिहिले आहे. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, ही त्यातली ताकीद आपण शाळेत शिकतो आणि ते योग्यच आहे. पण पत्राचे मूळ दुखणे दाणावैरणीचे आहे. पावसाळ्यासाठी साठवलेली सामग्री तुम्ही आताच मनास मानेल तशी उधळाल, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा आशय आहे. गवताच्या गंजीजवळ चूल नको, तमाखू ओढायला विस्तव नको, उंदीर पेटती वात ओढून नेतील तर तेवढ्यानेही आग लागेल. इथपर्यंत बजावले आहे. सहा वर्षांचे पीक एका वातीने जळू शकते हे ज्याला ठाऊक आहे, त्याचेच हे लिहिणे.

आता मुख्य मुद्दा. वछेरा तयार झाला हे ओळखायचे कसे? पहिली खूण दातांची. बैलबाजारात फिरलेल्या वाचकाला आदत, दोनदाती, चौदाती, जुळलेला ही भाषा ठाऊक असते. घोड्याचेही तसेच. पुढच्या दुधाच्या दातांपैकी मधली जोडी साधारण अडीच वर्षांनी पडते आणि तिथे मोठे, पिवळसर, रुंद दात येतात. साडेतीनला शेजारची जोडी, साडेचारला कडेची. पाचव्या वर्षी तोंड भरते. नराला चार ते पाचच्या दरम्यान सुळेही येतात. म्हणून जुना सौदागर घोड्याचा रंग नंतर पाही, आधी ओठ उचली. आपल्याकडे गिऱ्हाईक मात्र भोवरे मोजण्यात गुंतलेले! देवमण आहे का, पंचकल्याणी आहे का, अबलख कसा दिसतो. भोवऱ्याने धन्याचे नशीब कळत असेल नसेल. वछेऱ्याचे नशीब त्याच्या गुडघ्यात असते.

दात वय सांगतात, पण बळ सांगत नाहीत. इथे आजच्या पशुवैद्यकाची साक्ष काढू. वाढत्या जनावराच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक पातळ थर असतो. हाड वाढते ते तिथून. वाढ पुरी झाली की तो थर हाडात मिटून जातो. घोड्याच्या पायात हे मिटणे खालून वर होत जाते. खुराजवळचे थर पहिल्या वर्षातच मिटतात. ज्याला आपण पुढच्या पायाचा गुडघा म्हणतो त्याच्या वरचा थर दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास. खांदा आणि पुठ्ठा त्यानंतर. आणि सगळ्यांच्या शेवटी पाठीचा कणा, ज्याचे मणके पुरते पक्के व्हायला पाच-सहा वर्षेही लागतात. निसर्गाची ही गंमत पाहा: ज्या जागी आपण खोगीर ठेवतो, तीच जागा सर्वात उशिरा तयार होते. पाय पाहून वछेरा घोडा झाला असे वाटते, उंची पाहूनही वाटते. पाठ मात्र अजून शिंगराची असते. उतावळ्या नवऱ्याचे बाशिंग गुडघ्याला, असे आपण हसून म्हणतो; उतावळ्या मालकाचे पाप वछेऱ्याच्या गुडघ्याला आणि कण्याला बांधले जाते, आणि ते आयुष्यभर सुटत नाही.

यावर कुणी म्हणेल, शर्यतीचे घोडे तर दोन वर्षांचे असतानाच धावतात! खरे आहे. जातिवंत शर्यतीच्या घोड्याचा वाढदिवस कागदोपत्री 1 जानेवारीला धरतात; मग तो जन्मला असो कोणत्याही महिन्यात. म्हणजे पंचांगाचा मुहूर्त तिथेही आहेच. मात्र आपल्याकडची सर्वात मानाची इंडियन डर्बी मुंबईला महालक्ष्मीच्या मैदानावर होते ती चार वर्षांच्या घोड्यांची. आणखी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. कोवळ्या वयात हाडांना हलके काम हवेच असते. हाड ज्या ओझ्याला सरावते त्या मानाने घट्ट होते. ठाणाला आगाडी-पिछाडी लावून पाच वर्षे बांधून ठेवलेला वछेरा पाचव्या वर्षी कच्चाच निघेल. तेव्हा वाट पाहायची याचा अर्थ काहीच करायचे नाही असा नव्हे. पळू द्यायचे, चढ-उतार दाखवायचे, खडकावर पाय ठेवायला शिकवायचे, फक्त वर बसायचे नाही. भीमथडीच्या वछेऱ्याचे सारे गुपित यात असावे असे मला वाटते. आईबरोबर रोजची काही कोसांची चाल, हरळी आणि कुसळीच्या माळावरची चरणी, पायाखाली मुरूम, आणि पाठ रिकामी. असा वाढलेला घोडा उंचीने तेरा मुठींच्या आसपास राहतो. पण राहतो तो टिकण्यासाठी.

ओझ्याचाही एक हिशेब आहे. घोड्याने स्वार आणि सामान मिळून आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास वाहावे असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. तीनशे किलोच्या घोड्याला साठ किलो. म्हणजे सडपातळ स्वार, हलके खोगीर, एक तलवार, एक भाला आणि पाठीवरची भाकरी. मराठी घोडदळाचे चित्र असेच होते ना? पहिल्या बाजीरावाने 1727 च्या दसऱ्यानंतर निजामाला दक्षिणेत दमवून फेब्रुवारी 1728 मध्ये पालखेडला कोंडले, ते जड तोफखान्याच्या बळावर नव्हे, सुट्या आणि हलक्या घोडदळाच्या बळावर. ती दौड तीन वर्षांच्या वछेऱ्यांवर झाली नसती. चार महिने रोज धावणारी पाठ पुरी पिकलेलीच असावी लागते. युद्धाच्या गोष्टींत सेनापतीचे नाव येते. पाच वर्षे चंदी घालून न बसणाऱ्या मोतद्दाराचे येत नाही.

तिसरी खूण मनाची. तिच्यासाठी आपल्या भाषेत एक खास माणूस होता: चाबूकस्वार. नावात चाबूक असला तरी त्याचे काम मारायचे नव्हे, शिकवायचे. आधी मोहरकी, मग लगामाची सवय, मग पाठीवर रिकामी झूल, मग सैल तंगाचे खोगीर, आणि लांब दोराने वर्तुळात फिरवणे. या फिरवण्याला कावा देणे म्हणत. आज ‘कावा’ म्हटले की आपल्याला डावपेचच आठवतात. पण घोड्याला गोल फिरवून त्याचा श्वास, त्याची चाल, त्याचे कान वाचणे हाही कावाच होता. डावीकडे फिरताना सरळ चालणारा वछेरा उजवीकडे फिरताना अडखळला, तर त्या बाजूला काहीतरी कच्चे आहे. तंग आवळताना पाठ कमानीसारखी उचलली, तर अजून वेळ आहे. शेपूट आवळून उभा राहिला तर भ्यालेला आहे. शेपूट सैल, ओठ सैल, एक कान माणसाकडे आणि एक रस्त्याकडे, तर तो ऐकायला तयार आहे.

या बाबतीत सणसवाडीच्या शिवारात वाडा उतरलेल्या एका म्हाताऱ्या धनगराला मी विचारले होते. पटका गुडघ्यावर ठेवून ते शेळीचे दूध काढीत बसले होते. मी म्हटले, “बाबा, शिंगरावर ओझं केव्हा टाकता?”

“घाई कशापायी, गुरुजी? त्येची माय हाय की वझ्याला.”

“तरीपण, किती वर्षांनी?”

“वरीस कोन मोजतंय? त्येच्या पाठच्या भावंडाला भावंड झालं, दात भरलं, की मग एक वाकळ टाकून बघायची. वाकळ घिऊन चाललं, पानी प्यालं, लोळलं न्हाई, तर फुडच्या मुक्कामाला हंडा. हंडा वाजला आनि ते बुजलं न्हाई, तर मग पोर.”

“आणि मोठा माणूस?”

म्हातारबाबा हसले. “मोठा मानूस चालतो की, गुरुजी. त्येला पाय न्हाईत व्हय?”

या उत्तराचा मी घरी येऊन हिशेब केला. घोडी वर्षाआड व्यायली असे धरले, तर पाठच्या भावंडाला भावंड होईपर्यंत पहिले शिंगरू चार वर्षांचे होते, आणि दात भरायला पाच. कौटिल्याने मोकळी ठेवलेली जागा नेमकी हीच! अर्थशास्त्र त्यांनी वाचलेले नव्हते. अर्थशास्त्रकारानेच कधीतरी अशा एखाद्या बाबाला विचारले असले पाहिजे. आणि दोन मुहूर्तांतला फरकही त्यांच्या बोलण्यात आला. वाकळ, हंडा, पोर: एकेका पायरीला होकार घोड्याने द्यायचा, माणसाने तो फक्त ऐकायचा.

मग ही रीत मोडली कुठे? घोड्याची भूक लढाईला फार, आणि लढाईला धीर नाही. जून 1817 च्या पुणे तहाने इंग्रजांनी पेशव्यांवर सहायक फौजेचा खर्च लादला आणि त्यातून पूना ऑक्झिलरी हॉर्स हे घोडदळ उभे राहिले. त्याचा वारसा भारतीय सैन्यातल्या पूना हॉर्सने आजही जपला आहे. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली तेव्हा हे नवे स्वार तिच्याबरोबर होते. दुसऱ्या दिवशी कोरेगावची लढाई झाली. सहा महिन्यांत उभे राहिलेले घोडदळ सहा वर्षांच्या पिकाची वाट पाहू शकत नाही. त्याला तयार घोडा लागतो, आणि तयार घोडा तोच देऊ शकतो ज्याने आधी कुणीतरी न सांगता वाट पाहिलेली असते. म्हणूनच इंग्रजांनी शिलेदारीची पद्धत उचलली. स्वाराने आपला घोडा आपण आणायचा. धीराचा खर्च खेड्याने सोसायचा आणि तयार पाठ सरकारला मिळायची. ही पद्धत पहिल्या महायुद्धानंतर बंद झाली.

कंपनी सरकारने पैदाशीकडे लक्ष दिले नाही असे नव्हे. शिरूर तालुक्यातच आलेगाव पागा हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे सरकारी पैदाशीचे ठाणे होते. गावाच्या नावात पागा अजून आहे. पण सैन्याला उंच घोडा हवा होता, आणि भीमथडीचा घोडा उंच नव्हता. अरबी आणि बाहेरच्या रक्ताचे घोडे आले, देशी घोडी मागे पडली. पुढे रेल्वे आली, मोटार आली, माळ नांगरले गेले. सरदारांच्या पागा रिकाम्या झाल्या. तट्टे उरली ती धनगरांकडे, कारण त्यांना मान नको होता, हंडा वाहणारी पाठ हवी होती.

आणि आता पारडे पुन्हा हलते आहे. गेल्या काही वर्षांत करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. ही आनंदाची गोष्ट आहे. दिवाळीच्या सुमारास अकलूजला, पुढे दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला, आणि मार्गशीर्षात खंडोबाच्या माळेगावला घोड्यांचे बाजार भरतात. आपल्या शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर भागात बैलगाड्यापुढे घोडी धरतात. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींचा कायदा उचलून धरल्यापासून घाट पुन्हा गजबजले आहेत. घोड्याला पुन्हा भाव आला आहे.

पण इथेच घोडे पेंड खाते. भाव आला म्हणजे घाई आली. पूर्वी शत्रूची घाई होती, आता गिऱ्हाइकाची आहे. वरातीसाठी, शर्यतीसाठी, थंड हवेच्या गावी पाहुण्यांना फिरवण्यासाठी घोडा लवकर कमाईला लागावा असे वाटणे स्वाभाविक आहे; पाच वर्षे नुसते खाणारे जनावर गरिबाला परवडत नाही, हे मी वर आकडे मांडूनच सांगितले आहे. त्यासाठी गरिबाला दोष देऊन उपयोग नाही. धनगराला परवडत होते, कारण माळ फुकट होता. आता माळावर कुंपणे आहेत, सडकेवर मालमोटारी आहेत, आणि वाड्याचे सामान हळूहळू टेंपोत जाते आहे. घोड्याची जात नोंदवहीत टिकवता येईल. तिची उंची, रंग, मापे लिहून ठेवता येतील. परंतु शिंगराच्या पाठीवर काडी न टाकता त्याला पाच वर्षे बरोबर चालवणारा माळ आणि वाकळेपासून पोरापर्यंतच्या पायऱ्या ठाऊक असलेला माणूस, या दोन गोष्टी नोंदवहीत मावत नाहीत. त्या गेल्या तर जे उरेल ते भीमथडीच्या रक्ताचे असेल, भीमथडीच्या हाडाचे नसेल.

म्हणून या दिवाळीत कुणी वाचक अकलूजच्या बाजारात हौसेने गेलाच, आणि एखादा तांबूस, चमकत्या कातडीचा वछेरा मनात भरला, तर माझी एवढीच विनंती. भोवरे खुशाल पाहा. ती आपली जुनी हौस आहे. पण नंतर ओठ उचलून दात पाहा, गुडघ्यांवरून हात फिरवा, पाठीवर तळवा ठेवून ती उचलते का ते पाहा. तोंड भरलेले नसेल तर सौदा करून घरी आणा, चंदी घाला, माळावर सोडा, रोज लगामाने चालवत चार मैल न्या आणि स्वतःही त्याच्याबरोबर चाला. खोगीर खुंटीवरच राहू द्या. दोन दसरे जातील. मग एके दिवशी पाठीवर टाकलेली घोंगडी घेऊन तो शांतपणे पाणी पिईल. त्या दिवशी पंचांगात अमावास्या असली तरी हरकत नाही. मुहूर्त लागला असे खुशाल समजावे.